नवीन वुडन फ्लोअरिंग वर आलं, गिऱ्हाईकाचा फोन आला... आता काय करायचं?



वुडन फ्लोअरिंगच्या व्यवसायावर व्हिडिओ केला तेव्हा आपण भांडवल, रेट, डीलरशिप, फिटर कसे शोधायचे हे सगळं बोललो होतो. आज त्याच्या पुढचा भाग. काम झालं, फोटो काढले, स्टेटसला टाकले, गिऱ्हाईकाने कौतुक केलं. आणि पंधरा दिवसांनी किंवा पहिला पाऊस पडल्यावर फोन येतो, "अहो दादा, तुमचं फ्लोअरिंग वर आलंय. चाललं की खालीवर होतंय. या बघायला."

या एका फोनवर बऱ्याच नवीन लोकांचा धंदा अडखळतो. का, ते आधी आकड्यात बघू. हे आकडे फक्त उदाहरणासाठी धरा, तुमच्या गावचे रेट वेगळे असतील. समजा दोन बेडरूम मिळून ३२० स्क्वेअर फूट काम आहे आणि लॅमिनेट फ्लोअरिंगचा रेट तुम्ही १२० रुपये लावला. बिल झालं ३८,४०० रुपये. मटेरियल ८० रुपयांनी २५,६००. मजुरी १५ रुपयांनी ४,८००. स्कर्टिंग, प्रोफाइल, टेम्पो धरून ३,०००. हातात राहिले ५,०००. आता तक्रार आली म्हणून दोन फिटर एक दिवस पाठवले, १,८०० गेले. पेट्रोल, चहापाणी ४००. एक जादा बॉक्स लागला, १,९००. म्हणजे ५,००० मधले ४,१०० एका फेरीत संपले. दुसरी फेरी झाली तर खिशातून. आणि बहुतेक वेळा गिऱ्हाईकाने शेवटचा हप्ता अडवून ठेवलेला असतो तो वेगळाच.

म्हणून फेरी एकच झाली पाहिजे, आणि त्या फेरीत कारण सापडलं पाहिजे. फळी बदलणं सोपं आहे. कारण न शोधता फळी बदलली की दोन महिन्यांनी तीच जागा परत वर येते, आणि तेव्हा गिऱ्हाईकाचा आवाज वेगळा असतो.

फोनवर काय बोलायचं, काय नाही

दोन वाक्यं तोंडातून काढायची नाहीत. पहिलं, "लाकूड आहे, असं होतंच." दुसरं, "काळजी करू नका, सगळं फुकट बदलून देतो." पहिल्याने माणूस चिडतो, दुसऱ्याने तुम्ही न बघता दोष मान्य करून बसता. कदाचित एसीच्या पाइपमधून पाणी गळत असेल, तो खर्च तुम्ही का उचलायचा?

सरळ म्हणा, "काकू, उद्या संध्याकाळपर्यंत मी स्वतः येऊन बघतो. तोपर्यंत त्या खोलीचे तीन-चार फोटो पाठवा, आणि तिथे ओलं फडकं मारू नका." एवढं पुरे. दुसऱ्या दिवशी स्वतः जायचं, फिटरला एकट्याला पाठवायचं नाही. फिटर बिचारा स्वतःचं काम वाचवायला बघणार, तो "पाण्यामुळे झालं" म्हणून मोकळा होतो.

आणि फोनवरच काही गोष्टी विचारून घ्या. कधी लक्षात आलं? आधी एका जागी होतं आणि मग पसरलं का? फ्लोअरिंगनंतर घरात आणखी काय काम झालं? कपाट बसवलं, दाराला स्टॉपर लावला, बाथरूमचं काम काढलं, फ्लॅट महिनाभर बंद होता? निम्मी उत्तरं इथेच मिळतात.

लाकूड श्वास घेतं म्हणजे नेमकं काय

आपल्या घरात पावसाळ्यात कपाटाचं दार लागत नाही आणि उन्हाळ्यात तेच दार आपोआप उघडतं, हे सगळ्यांनी बघितलंय. फ्लोअरिंगमध्येही तेच होतं, फक्त दार एक असतं आणि फळ्या शंभर असतात.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हवेतली आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडातली ओल साधारण ९ टक्क्यांवर स्थिरावते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की तीच १६ टक्क्यांपर्यंत जाते. मुंबई, ठाणे, रत्नागिरी, गोवा इथे जुलैत आर्द्रता ८० च्या वरच असते. पुण्यात, नाशकात मार्च-एप्रिलच्या दुपारी ती ३० च्या खाली येते. म्हणजे एकाच घरातली फळी वर्षातून एकदा फुगते, एकदा आकसते. आणि फुगते ती रुंदीत, लांबीत फारच थोडी.

सागवानाची १२० मिलिमीटर रुंद फळी घ्या. तिच्यातली ओल ४ टक्क्यांनी वाढली तर ती जवळजवळ एक मिलिमीटर रुंद होऊ शकते. दहा फुटी खोलीत अशा पंचवीस फळ्या बसतात. हिशेब तुम्हीच करा. आणि सागवान हे या बाबतीत शांत लाकूड आहे बरं का, बाकीची यापेक्षा जास्त हलतात.

बाजारात आपण जे विकतो त्यात चार प्रकार. अख्ख्या लाकडाची सॉलिड फळी. इंजिनिअर्ड, म्हणजे खाली प्लायचे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. लॅमिनेट, ज्यात एचडीएफचा गाभा आणि वर छापील डिझाइन. आणि एसपीसी, ज्यात लाकूड नसतंच, चुनखडीची पूड आणि पीव्हीसी असतं. गिऱ्हाईक चौघांनाही 'वुडन फ्लोअरिंग' म्हणतं. आपण तसं म्हणायचं नाही. बिलावर प्रकार स्पष्ट लिहा. लॅमिनेट घेऊन "आम्हाला लाकूड म्हणून विकलं" असा वाद झाला तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

जागेवर गेल्यावर तपासणी

सामान जास्त लागत नाही. दोन मीटरची सरळ अॅल्युमिनियम पट्टी, टॉर्च, स्टीलची पट्टी, पातळ पटाशी, आणि पिनवालं मॉइश्चर मीटर. मीटर दोन-तीन हजारांत मिळतं. ते सॉलिड लाकडासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे लॅमिनेटवर किंवा कोब्यावर जो आकडा दिसतो तो खरा धरू नका. पण तुलना करायला उत्तम. खोलीच्या चांगल्या कोपऱ्यात किती दाखवतं आणि खराब जागी किती, हा फरक बोलतो.

आता मुख्य प्रश्न. फळी वर आलीय ती ढकलली जाऊन की पाण्याने फुगून? यासाठी मीटरच्या आधी स्वतःचा पाय वापरा. जोडावर पाय देऊन दाबा. खाली जाते आणि पाय काढला की परत वर येते, तर फळीला पसरायला जागा नाही, ती कुठेतरी अडकलीय. दाबून काहीच हलत नाही, कड कडक आहे आणि बोटाला उंचवटा लागतो, तर गाभ्याने पाणी पिऊन फुगवटा धरलाय.

अडकलेल्या फळीची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण नवीन कामात ही तक्रार फार येते आणि दुरुस्तही पूर्ण होते. लॅमिनेट आणि क्लिकवालं इंजिनिअर्ड जमिनीला चिकटवलेलं नसतं. ते फोमवर एका मोठ्या चटईसारखं पडलेलं असतं, त्याला आपण फ्लोटिंग म्हणतो. ही चटई मीटरला साधारण एक-दीड मिलिमीटर पसरेल असं धरून चालायचं. म्हणून चारी भिंतींजवळ ८ ते १० मिलिमीटर जागा सोडतात आणि ती स्कर्टिंगखाली झाकतात. फिटर घाईत असला की भिंतीजवळ स्पेसर ठेवतो पण कॉलमच्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीपाशी, पाइपाभोवती फळी टेकवून टाकतो. एका जागी टेकली तरी पुरे. पसरायला दिशा मिळाली नाही की मधला जोड वर उचलला जातो.

आणि कधीकधी फिटरची काहीच चूक नसते. आपल्या बॅचमधल्या कोकणातल्या एका मुलाचं उदाहरण. जूनमध्ये काम पूर्ण, कडेची जागा व्यवस्थित सोडलेली, ऑगस्टमध्ये हॉलच्या मध्यभागी जोड वर आले. गिऱ्हाईक म्हणे माल डुप्लिकेट आहे, वीस टक्के पैसे देणार नाही. हा दोनदा जाऊन फळ्या ठोकून आला, परत तेच. तिसऱ्यांदा गेला तेव्हा सगळ्या स्कर्टिंगच्या मागे टॉर्च मारून बघितलं, जागा होती. मग खोलीत उभा राहून नुसतं बघत बसला. एका बाजूला नंतर सुताराने आठ फुटी वॉर्डरोब फ्लोअरिंगवरच बसवून खाली स्क्रू मारले होते. समोरच्या बाजूला बेडरूमच्या दाराचा मॅग्नेट स्टॉपर, तोही फ्लोअरिंगमधून आरपार जमिनीत. चटई दोन्ही बाजूंनी खिळलेली. मधे उठणार नाही तर काय होईल? स्टॉपर काढून भिंतीवर लावला, सुताराला बोलावून वॉर्डरोबचे स्क्रू काढून बेसची व्यवस्था बदलली. आठवडाभरात जोड बसले. फळी एकही बदलली नाही. गिऱ्हाईकाने अडवलेले पैसे तर दिलेच, स्टॉपर हलवायचे वेगळे पैसे त्याने घेतले का हे मी विचारलं, म्हणाला नाही घेतले. मला ते पटलं नाही, घ्यायला हवे होते, पण त्याचं गिऱ्हाईक, त्याचा निर्णय.

दुरुस्तीची पद्धत अशी. स्कर्टिंग काढा. जिथे फळी टेकलीय तिथे मल्टिटूलने किंवा पटाशीने कड कापून जागा करा. चौकट असेल तर चौकटीची खालची कड कापून फळी तिच्याखाली सरकू द्या. मग उठलेल्या जोडावर वजन ठेवून काही दिवस थांबा. जोडाचं कुलूप तुटलेलं नसेल तर ते आपोआप बसतं. आठ-दहा मीटरपेक्षा लांब पट्टा असेल किंवा दारातून सलग फ्लोअरिंग पुढच्या खोलीत गेलं असेल, तर दारात टी-प्रोफाइल टाकून ते तोडा. गिऱ्हाईकाला सलग दिसायला आवडतं, आग्रह धरतात. त्यांना आधीच समजावा.

पाणी असेल तर

एचडीएफची कड एकदा फुगली की ती परत खाली जात नाही. उन्हात ठेवा, हेअर ड्रायर मारा, काही उपयोग नाही. ती फळी बदलावीच लागते. पण बदलण्याआधी पाणी कुठून आलं ते शोधा.

पाणी वरून आलं की खालून, हे नक्षीवरून कळतं. फक्त स्वयंपाकघराच्या बाजूला किंवा बाल्कनीच्या दाराशी फुगलंय, तर वरून. सगळ्या खोलीभर सगळ्या जोडांवर थोडं थोडं फुगलंय, तर बादलीभर पाण्याने फरशी पुसली जातेय, घरकामाच्या ताईंना कोणी सांगितलेलं नाही. बाथरूमच्या भिंतीलगत एक पट्टा फुगलाय, तर उंबरठ्याखालून ओल येतेय, आणि तिथे प्लंबर लागतो. एसीच्या खाली एक गोल डाग, तर ड्रेन पाइप.

खालून येणारी ओल नवीन इमारतीत जास्त. कोबा टाकून महिना झाला की वरून कोरडा दिसतो, आतून नसतो. कोरड्या हवेत इंचाला साधारण एक महिना लागतो असा ढोबळ अंदाज आहे, पावसाळ्यात जास्त. बिल्डरची पझेशनची घाई, गिऱ्हाईकाची वास्तुशांतीची घाई, आणि मधे आपण. काम सुरू करण्याआधी मीटरभर प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी टेपने चिकटवून दोन दिवस ठेवा. उचलल्यावर खाली थेंब दिसले किंवा कोबा गडद झाला, तर काम थांबवा. थेंब नाही दिसले म्हणजे शंभर टक्के कोरडं असंही नाही, म्हणून फोमखाली २०० मायक्रॉनचा पॉलिथिनचा कागद टाकायचाच, जोडावर वीतभर एकावर एक घेऊन टेप मारायची. आपल्याकडे बरेच जण जुन्या व्हिट्रिफाइड टाइल्सवरच फ्लोअरिंग टाकतात. तिथे ओल कमी असते, पण पोकळ वाजणाऱ्या टाइल्स आधी ठोकून बघा.

सॉलिड लाकडाच्या फळीच्या दोन्ही कडा वर आणि मध्य खाली, असा खोलगट आकार आला असेल तर खालून ओल लागतेय. इथे नवीन माणूस एक मोठी चूक करतो, लगेच सँडिंग मशीन आणतो आणि वरच्या कडा घासून सपाट करतो. दोन महिन्यांनी फळी वाळते, कडा खाली जातात आणि मध्ये उंचवटा राहतो. आता ते लाकूड परत येत नाही. आधी ओल बंद करा, फळी वाळू द्या, मीटरवर आकडा बाकीच्या खोलीइतका आला की मग घासायचं की नाही ते ठरवा. बऱ्याचदा घासायची गरजच उरत नाही.

एसपीसीवाले म्हणतात आमच्याकडे पाण्याचा प्रश्न नाही. खरं आहे, फळी फुगत नाही. पण दुपारच्या उन्हात मोठ्या काचेच्या दाराशी ती तापून पसरते, त्यामुळे कडेची जागा तिथेही सोडावीच लागते. शिवाय खालची जमीन खालीवर असली की तिचे पातळ जोड तुटतात.

बाकीच्या तक्रारी

चालताना दबतं, पोकळ वाजतं. फ्लोटिंग फ्लोअरिंग थोडं पोकळ वाजणारच, हे विकतानाच सांगायचं. पण पाय पडल्यावर फळी खाली जात असेल तर जमिनीत खड्डा आहे. दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट चालत नाही. खड्ड्यात फोमचे दोन-तीन थर कोंबणारे फिटर मी बघितलेत. ते काही महिने टिकतं, मग जोड तुटतो. भिंतीकडून फळ्या उघडा, लेव्हलिंग कंपाउंडने खड्डा भरा, वाळू द्या, परत बसवा.

उन्हाळ्यात फटी दिसतात. सॉलिड लाकडात मार्चमधली बारीक फट जुलैत आपोआप भरते, त्यामुळे घाईने पुटी भरू नका, पावसाळ्यात तीच पुटी बाहेर येते. लॅमिनेटमध्ये फट दिसली तर जोड सरकलाय, सक्शन कपने ओढून बसवा. ओरखड्यांना मेणाची कांडी, आणि सोफ्याच्या पायांना फेल्ट पॅड. शेडचा फरक आला तर बॉक्सवरचा बॅच नंबर बघा.

पैसे कोणी द्यायचे

तपासणी झाली की जागेवरच एका कागदावर लिहा. कुठे बिघाड, मीटरचे आकडे, कारण, उपाय, खर्च कोणाचा. दोघांच्या सह्या, फोटो व्हॉट्सअॅपवर. कडेची जागा सोडली नव्हती, ओल न तपासता काम केलं, जमीन लेव्हल केली नाही, तर खर्च तुमचा. निमूटपणे करा आणि लवकर करा. गळती, बादलीचं पाणी, सुताराचे स्क्रू, यात खर्च त्यांचा. फळीचा पापुद्राच सुटतोय किंवा कुलूप नीट बसत नाही, तर कंपनीचा, आणि त्यासाठी बॉक्सचं लेबल आणि खरेदीचं बिल तुमच्याकडे हवं. कंपनीची वॉरंटी बहुतेक वेळा मालावर असते, मजुरीवर नसते, हे डीलरशी बोलतानाच विचारा.

घरगुती गिऱ्हाईक ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली 'सेवेतील त्रुटी' म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतं, दोन वर्षांपर्यंत. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवरही तक्रार करू शकतं. घाबरवायला सांगत नाही. तिथे गेलं की कागद बोलतात, म्हणून कागद आत्तापासून ठेवा. कोटेशनमध्येच चार ओळी घाला: पाण्याने पुसू नये, फ्लोअरिंगमधून स्क्रू मारू नये, गळती झाल्यास चोवीस तासांत कळवावे, एक वर्षात फिटिंगचा दोष निघाल्यास मोफत दुरुस्ती. मराठीत लिहा, गिऱ्हाईकाला वाचून दाखवा, घरकामाच्या ताईंनाही एकदा स्वतः दाखवा फडकं किती पिळायचं ते.

रेट काढताना प्रत्येक कामातून दोन-तीन टक्के दुरुस्तीसाठी बाजूला काढत चला, वेगळ्या खात्यात. वर दिलेल्या ३८,४०० च्या कामात ते हजाराच्या आसपास होतात. दहा कामांत एखादी फेरी निघाली तर ती या पैशातून भागते आणि तुमचा चेहरा गिऱ्हाईकासमोर पडत नाही. आणि प्रत्येक कामात त्याच बॅचचा एक बॉक्स जादा घेऊन गिऱ्हाईकाच्या माळ्यावर ठेवायला सांगा. दोन वर्षांनी ते डिझाइन बाजारात मिळेलच असं नाही.

अडवलेल्या हप्त्याचं काय? दुरुस्ती अडवून पैसे मागू नका, आणि पैसे विसरून दुरुस्तीही करू नका. त्या कागदावरच शेवटची ओळ लिहा, "दुरुस्ती पूर्ण झाल्यावर पंधरा दिवसांनी पाहणी करून उर्वरित रक्कम देण्यात येईल," आणि तारीख टाका. पंधराव्या दिवशी स्वतः जा, त्याच जागेवर पाय देऊन दाखवा.

पुढच्या व्हिडिओत मधली एक फळी खोली न उघडता कापून कशी बदलायची ते प्रत्यक्ष करून दाखवतो. तोपर्यंत ज्यांची कामं चालू आहेत त्यांनी स्कर्टिंग लावण्याआधी चारी भिंतींच्या कडेचे फोटो काढून ठेवा, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून, मिलिमीटर दिसतील असे.